घर किती खणांचं?

क्वेडलिनबुर्गला जाताना चाकांची बॅग नेऊ नका. ही पहिली टीप, आणि ती मी स्वतःच्या बॅगेचं एक चाक घालवून मिळवली आहे. जुन्या गावात पाऊल टाकलं की खाली सगळी दगडी फरसबंदी, आणि त्यावरून बॅग ओढायला लागलात की खडखडाट असा होतो की दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून आज्या बघायला लागतात. सॅक न्या, बूट मळले तरी चालतील असे घाला.

जर्मनीत मास्टर्सला जायचा विचार तुमच्यापैकी बरेच जण करताहेत. माग्देबुर्गच्या युनिव्हर्सिटीत तर मराठी इतकं ऐकू येतं की मेसच्या रांगेत कुणाबद्दल काही बोलायची सोय नाही. तर समजा तुम्ही तिथे आहात, हातात विद्यार्थ्यांचं तिकीट आहे आणि रविवार मोकळा आहे. सगळे बर्लिन नाहीतर प्राग गाठतात. तुम्ही थालेकडे जाणारी साधी रिजनल ट्रेन पकडा. सव्वा तासाच्या आसपास क्वेडलिनबुर्ग येतं.

वाटेत हाल्बरश्टाट लागेल. तिथे खिडकीतून जरा नीट बघा. हेही एकेकाळी लाकडी चौकटींच्या घरांचंच शहर होतं. 8 एप्रिल 1945 ला, युद्ध संपायला महिनाभर उरलेला असताना, बॉम्बहल्ल्यात जुन्या शहराचा मोठा भाग जळून गेला. तिथून गाडीने जेमतेम पंधरा-वीस मिनिटांवरचं क्वेडलिनबुर्ग मात्र जवळजवळ जसंच्या तसं राहिलं. लोकसंख्या पंचवीस हजारांच्या आत आणि लाकडी चौकटींची घरं दोन हजारांच्या आसपास, तीही एका काळातली नाहीत, आठ शतकांमधली. 1994 पासून जुनं गाव, किल्ला आणि तिथलं चर्च युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

फोटोत ही घरं तुम्ही शंभरदा पाहिली असतील. पांढऱ्या किंवा पिवळ्या भिंतीवर काळ्या-तपकिरी लाकडाच्या उभ्या, आडव्या, तिरक्या पट्ट्या. आपल्याला वाटतं, वरून रंगवलेलं डिझाइन असेल. तसं नाही. ते लाकूड म्हणजेच घर. भिंत नुसती मधली जागा भरायला आहे. आधी ओकचा नाहीतर स्प्रूसचा सांगाडा उभा करायचा, मग दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेत काटक्या विणून त्यावर चिखल आणि गवताचा पेंढा थापायचा, वरून चुना. तिरके दांडे असतात ते घर वाऱ्याने कलू नये म्हणून. जोडांना लाकडाच्याच खुंट्या. सांगाडा सुताराच्या अंगणात जमिनीवर आडवा जुळवून बघायचे, प्रत्येक लाकडावर खुणा करायचे, मग सुटा करून जागेवर नेऊन पुन्हा उभा करायचे. म्हणजे फर्निचरचा खोका घरी आणून आपण जे करतो तेच, फक्त पाच-सहाशे वर्षं आधी आणि अख्ख्या घराचं. जवळून पाहिलंत तर काही तुळयांवर छिन्नीने कोरलेल्या त्या रेघा अजून दिसतात.

लाकूड बहुतेक वेळा ओलं असतानाच वापरत, कारण वाळलेला ओक इतका टणक होतो की छिन्नी लागत नाही. याचा फायदा आजच्या अभ्यासकांना झाला. झाड कधी तोडलं ते खोडातल्या वर्तुळांवरून कळतं आणि लगेच वापरलेलं असल्यामुळे घर कधी बांधलं तेही कळतं. वोर्डगासे नावाच्या बोळात 14 व्या शतकातलं एक घर आहे. त्याचे खांब जमिनीपासून छपरापर्यंत एकसंध जातात, कारण मजल्यावर मजला रचायची पद्धत पुढच्या काळात रूढ झाली. 1960 च्या दशकापर्यंत त्यात माणसं राहत होती, आता तिथे याच बांधकामाचं म्युझियम आहे. छोटंसं आहे, अर्ध्या तासात बघून होतं, पण ते आधी बघा. नंतर गावात फिरताना घरं वाचता येतात.

या पद्धतीला जर्मनमध्ये फाखवेर्क म्हणतात. वेर्क म्हणजे काम, आणि फाख म्हणजे कप्पा, दोन खांबांमधली जागा. कपाटाचा कप्पाही फाख आणि कॉलेजातला विषयही फाखच. आणि इथे मी म्युझियममध्येच थबकले. कारण आमचा पुण्यातला वाडा आजोबा नेहमी खणांत सांगायचे. सोपा इतक्या खणांचा, माजघर इतक्या खणांचं. खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, आणि टेबलाचा कप्पाही खणच. सागवानी खांब, वर तुळया, कडीपाट, मध्ये विटा-मातीचं भरण. हार्झ पर्वताच्या पायथ्याशी आणि मुळा-मुठेच्या काठी सुतारांनी एकमेकांना न विचारता घर एकाच हिशोबाने मोजलं. आमचा वाडा आता नाही. दोन वर्षांपूर्वी उतरवला, तिथे पार्किंग असलेली सहा मजली इमारत आहे आणि खरं सांगायचं तर आईला तिथली लिफ्ट फार आवडते.

असो. गावाकडे येऊ.

या गावावर आठशेहून जास्त वर्षं बायकांनी राज्य केलं, हे कुठल्याही रीलमध्ये सांगत नाहीत. 919 मध्ये राजा झालेला पहिला हाइनरिश 936 मध्ये वारला, त्याला इथल्या टेकडीवर पुरलं आणि त्याची विधवा माटिल्डे हिने तिथे उमराव घराण्यांतल्या स्त्रियांचा मठ सुरू केला. मठाची प्रमुख म्हणजे नुसती जपमाळ ओढणारी नव्हे. ती नाणी पाडायची, कर घ्यायची, तिच्या वर थेट सम्राट. गावातल्या व्यापाऱ्यांना हे खटकायचं. 1426 मध्ये त्यांनी हान्झा या व्यापारी शहरांच्या संघात प्रवेश केला आणि चौकात रोलांडचा पुतळा उभा केला, म्हणजे आम्ही स्वतंत्र आहोत असं जाहीर केलं. 1477 मध्ये मठप्रमुख हेडविगने भावांचं सैन्य बोलावून गाव नमवलं आणि तो पुतळा पाडला. आज टाउन हॉलच्या कोपऱ्यावर दिसतो तो रोलांड 1869 मध्ये पुन्हा उभारलाय. पुतळ्यांवरून भांडणं आपल्यालाच होतात असं समजू नका.

त्याच गावात 1715 मध्ये डोरोथेया जन्मली. वडील डॉक्टर होते, त्यांनी मुलाबरोबर हिलाही शिकवलं. 1741 मध्ये प्रशियाच्या राजाने तिला हालं विद्यापीठात बसायची परवानगी दिली, पण ती लगेच गेली नाही. मुलींना शिकण्यापासून काय काय अडवतं यावर तिने 1742 मध्ये पुस्तक छापलं, त्याच वर्षी पाच मुलांच्या बापाशी लग्न केलं, पुढे स्वतःची चार झाली, आणि या सगळ्यात गावात रोगी तपासत राहिली. 1753 मध्ये गावच्या डॉक्टरांनी तक्रार केली की ही बाई डिग्री नसताना वैदूगिरी करते. तिने प्रबंध लिहिला, परीक्षा दिली आणि 1754 मध्ये डॉक्टर झाली. वैद्यकशास्त्राची डॉक्टरेट मिळवणारी जर्मनीतली पहिली बाई, डोरोथेया एर्क्सलेबेन. प्रबंधाचा विषय काय, तर रोग्याला बरं वाटावं म्हणून घाईने आणि गोड-गोड उपचार केले की आजार नीट बरा होत नाही! तक्रार करणाऱ्यांना यातला टोमणा कळला असेलच. जर्मन विद्यापीठांनी मुलींना सरसकट दारं उघडायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं. तोवर आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन, 1886 मध्ये, मायदेशी परतल्याही होत्या.

खजिन्याची गोष्ट तर सिनेमात शोभेल अशी आहे. मठाच्या चर्चमधल्या मौल्यवान वस्तू युद्धात एका गुहेत लपवल्या होत्या. 1945 मध्ये जो मीडर नावाच्या अमेरिकन अधिकाऱ्याने त्यातल्या काही चक्क पोस्टाने टेक्सासला घरी पाठवल्या, सोनेरी अक्षरांत लिहिलेलं 9 व्या शतकातलं बायबलचं हस्तलिखितसुद्धा. तो गेल्यावर वारसांनी विकायला काढल्या तेव्हा बिंग फुटलं. बोलणी झाली, वारसांना पैसे द्यावे लागले आणि 1993 मध्ये खजिना परत आला. टेकडीवरच्या चर्चमध्ये तो बघायला तिकीट आहे, पण काढा.

आता मुद्द्याचं. हे गाव बॉम्बमधून वाचलं म्हणून टिकलं, असं सगळे म्हणतात. अर्धंच खरं आहे. युद्धानंतर ते पूर्व जर्मनीत गेलं. तिथल्या सरकारला जुनी घरं म्हणजे गरिबीची निशाणी वाटायची. जुनं गाव बरंचसं पाडून काँक्रीटच्या तयार भिंतींच्या इमारती उभ्या करायच्या, असे आराखडे होते. ते बारगळले त्याचं मोठं कारण पैसे नव्हते. दुरुस्तीलाही नव्हते, त्यामुळे छपरं गळत राहिली, तुळया कुजल्या, माणसं नव्या कॉलनीत गेली. 1980 च्या दशकात उत्तरेकडचा काही भाग पाडलाही. 1989 मध्ये भिंत पडली आणि पाडकाम थांबलं. म्हणजे तुम्ही ज्यापुढे उभं राहून सेल्फी काढता ते घर कुणाच्या सौंदर्यदृष्टीमुळे नाही, तिजोरी रिकामी होती म्हणून उभं आहे.

मग ती सावरली कुणी? मोठ्या संस्था होत्या, सरकारी पैसा होता. पण तुमच्या कामाची गोष्ट वेगळी आहे. 1999 मध्ये इथे जर्मनीतली पहिली युगेंडबाउह्युटे सुरू झाली. सोळा ते सव्वीस वयाच्या मुलामुलींनी एक वर्ष जुन्या वास्तूंवर काम करायचं, सुताराच्या, गवंड्याच्या, पुरातत्त्ववाल्यांच्या हाताखाली. हातात खर्चापुरते पैसे मिळतात, मध्ये मध्ये शिकवणीचे आठवडे. शाळा संपली, पुढे काय ते ठरत नाही, अशी मुलं येतात आणि वर्षभर चिखलात पेंढा तुडवतात. तसल्या अनेक शाखा आता देशभर आहेत. आपल्याकडे बारावीनंतर एक वर्ष ‘गॅप’ म्हटलं की घरात शोकसभा भरते.

बाकी फिरायला सांगते. शूहोफ हा चांभारांचा चिंचोळा चौक चुकवू नका, तिथे तळमजल्याच्या खिडकीची फळी खाली पाडली की तिचाच दुकानाचा ओटा व्हायचा. चीजकेकसाठी हे गाव प्रसिद्ध आहे, किल्ल्याखाली प्रकार विचारायला गेलात तर यादी संपत नाही. डिसेंबरात गेलात तर अॅडव्हेंटच्या वीकेंडांना घरांची आतली अंगणं उघडतात, एरवी ती बंद असतात, पण गर्दीची तयारी ठेवा. आणि संध्याकाळी म्युन्झेनबर्ग चढा. एका मोडलेल्या मठाच्या अवशेषांवर गरीब वादक, कल्हईवाल्यांसारखे फिरते कारागीर यांनी बांधलेली इवलीशी घरं, ज्यांच्या तळघरांत जुन्या चर्चच्या भिंती विभागल्या गेल्यात. वर तिकीट नाही, समोर किल्ला आणि खाली लाल कौलांचा समुद्र. लोक तिथे राहतात, तेव्हा खिडकीला नाक लावून फोटो काढू नका.

मी तिथून आजोबांना एका घराचा फोटो पाठवला. दारावरच्या तुळईवर नवरा-बायकोची नावं आणि साल कोरलेलं होतं, खाली पंख्यासारखी नक्षी. त्यांनी नक्षीबद्दल काही विचारलं नाही. दहा मिनिटांनी मेसेज आला, ‘खण किती?’

मी टेकडी उतरून परत गेले, रस्त्याच्या पलीकडे उभी राहून मोजले. सात होते.