गळती कुठे आहे?

आमच्या जिंतूर तालुक्यात शिडाच्या नावा नाहीत. मग शिडाच्या नावेच्या कण्यावर मी का लिहावे? कारण आमच्या घरची होडी. येलदरीच्या जलाशयात माझे वडील मासे धरतात. त्यांची होडी सपाट बुडाची, वल्ह्यांवर चालणारी. मागच्या हंगामात ती गळू लागली, तेव्हापासून या विषयात माझे मन गुंतले.

शिडावर बाजूचा वारा आला की तो नावेला कलवतो आणि आडवी लोटतो. या दोन्हींना अटकाव करतो तो बुडाखालचा जड पात्यासारखा कणा. त्याला ‘कील’ म्हणतात. तो नावेला आडवी सरकू देत नाही आणि कललेली नाव आपल्या वजनाने पुन्हा उभी करतो. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तीही अशा कण्याच्या भरवशावर.

आजच्या बहुतेक नौकांना कील बोल्टांनी जोडलेली असते. म्हणून नौका पाण्याबाहेर काढली की प्रथम सांधा तपासतात. तेथे केसाएवढी फट किंवा गंजाचा ओघळ दिसला, अथवा आतल्या नटांभोवती तांबूस डाग दिसला, तर वरवर रंग देऊन भागत नाही. मे २०१४ मध्ये ‘चीकी रफिकी’ या ब्रिटिश नौकेची कील अटलांटिक महासागरात निखळली आणि चारही खलाशी गेले. पूर्वी तळाला बसलेले धक्के व नंतरच्या दुरुस्त्या यांमुळे जोड कमकुवत झाला असावा, असे चौकशीत म्हटले गेले.

गळती शोधताना खलाशी आधी तळातल्या पाण्याची चव घेतात. खारट असेल तर समुद्राचे, गोडे असेल तर टाकीचे किंवा पावसाचे. मग तळ कोरडा पुसून त्यावर पांढरी भुकटी भुरभुरतात. पाण्याचा पहिला माग तिच्यावर उमटतो.

आमच्याकडे चवीचा उपाय चालत नाही. धरणाचे पाणी आत-बाहेर सारखेच. पाणी मागच्या टोकाला साचायचे, म्हणून तेथे मी दोनदा डांबर लावले. गळती थांबेना. होडी बंद, म्हणजे घरातला पैसा बंद. परीक्षेची फी भरायची होती. शेवटी वडील म्हणाले, “पाणी दिसतंय तिथं भोक नसतंय, पोरा.” आम्ही होडी काठावर ओढली, दगडांवर उचलून धरली आणि आत पाणी ओतले. मी खाली वाकून बघत राहिलो. थेंब पुढच्या बाजूला, एका सैल खिळ्याशी गळत होता! आत शिरलेले पाणी आडव्या पट्टीखालून उताराला लागत मागे जाऊन साचत होते. खिळा काढून डांबरात भिजवलेली सुतळी ठासली, वर पत्र्याची पट्टी ठोकली. दुसऱ्या दिवशी होडी पाण्यात उतरली.

महासागरातली नौका असो की येलदरीची होडी, ओल दिसली म्हणून तिथेच डांबर फासण्याची घाई करू नये. पाणी कोठून येते ते आधी पाहावे. माझी दोन दिवसांची मेहनत आणि डबाभर डांबर त्या शिकवणीपोटी गेले.