काडीमोडीचा कागद आणि मावळांतील वारसा

मनुष्य मरण पावला कीं त्याच्या जमिनीचा वारस कोण, हा प्रश्न मावळांत पूर्वीं बहुधा चावडीवरच मिटत असे. आज तो वडगांवच्या न्यायालयापर्यंत जातो. कारण उघड आहे. मुंबई–पुणें द्रुतगति मार्ग २००२ सालीं पुरा झाला, लोणावळ्याच्या आसपास बंगले उभे राहिले, आणि भाताच्या खाचरास गुंठ्यागुंठ्यानें मोल चढलें. मोल चढतांच विसरलेलीं नातीं जागीं होतात. त्यांत सर्वांत नाजूक नातें सोडून दिलेल्या बायकोचें होय.

१९५६ च्या हिंदु वारसा कायद्याप्रमाणें मृत्युपत्र न करितां वारलेल्या पुरुषाची विधवा, मुलगे, मुली व आई हीं पहिल्या वर्गाचीं वारस होत. न्यायालयानें घटस्फोट दिलेली स्त्री विधवा नव्हे. तीस वारसा नाहीं. उलट, वीस वर्षें माहेरीं राहिलेली, परंतु जिचा विवाह कायद्यानें तुटला नाहीं, ती विधवाच होय. आणि मागाहून घरांत आणलेली दुसरी बाई, तिनें कितीही सेवा केली असली तरी, विधवा ठरत नाहीं. मुलांची गोष्ट निराळी. घटस्फोटितेचीं मुलें पूर्ण वारस आहेत. आणि अवैध विवाहाच्या मुलांसही बापाच्या मिळकतींत, तसेंच वडिलोपार्जित मिळकतींतील बापाच्या वांट्यांत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं दिला.

खरा घोटाळा काडीमोडीच्या कागदानें होतो. स्टँपावर चार ओळी लिहिल्या, पंचांच्या सह्या घेतल्या, कीं विवाह मोडला असें पुष्कळांस वाटतें. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें रूढीचा काडीमोड राखून ठेविला आहे हें खरें. परंतु ती रूढि न्यायालयांत स्पष्ट मांडून पुराव्यानें शाबीत करावी लागते, असें सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालीं बजाविलें. रूढि शाबीत न झाली तर तो कागद रद्दीचाच. तलाठ्याच्या फेरफारांत पहिल्या बायकोचें नांव गाळल्यानेंही कांहीं साधत नाहीं. फेरफार सरकारसाऱ्यासाठीं असतो, मालकी त्यानें जन्मत नाहीं.

कोणी म्हणेल, "घर सोडून गेली तिला वांटा कशाला?" त्यांस आम्ही विचारतों, ती गेली कीं घालविली? चिखलांत उभें राहून जिनें भाताची लावणी केली, तिचे श्रम एका सहीनें पुसले जातात काय? १८५६ च्या कायद्यानें विधवेस पुनर्विवाहाची मोकळीक दिली, पण त्याच हातानें मृत पतीची मिळकत काढून घेतली. आणि मुंबईच्या उच्च न्यायालयानें तोच नियम पाट लावण्याची चाल असलेल्या जातींसही लागू केला. विधवेस मिळालेली मिळकत पूर्णपणें तिची होण्यास १९५६ साल उजाडावें लागलें. शंभर वर्षांनीं मिळालेला हक्क स्टँपाच्या कागदानें हिरावून घेणें हा न्याय नव्हे.

मग करावें काय? विवाह मोडावयाचा तर तो न्यायालयांतच मोडावा. उभयतांच्या संमतीनें घटस्फोट घेण्याची सोय १९७६ पासून आहे. घटस्फोटानें स्त्रीचा वारसा जातो, म्हणून त्याच वेळीं तिनें कायमच्या पोटगीचा बोजा नवऱ्याच्या जमिनीवर चढविण्याची मागणी करावी; कायद्यास तें मान्य आहे. तो बोजा सातबाराच्या इतर हक्कांत नोंदवावा, म्हणजे पोटगी नवऱ्याच्या लहरीवर न राहतां जमिनीवर राहते. ज्यास दुसऱ्या बाईची काळजी असेल त्यानें आपल्या हिश्श्याचें मृत्युपत्र हयातींतच करावें. आणि पति वारल्यावर विधवेनें तीन महिन्यांच्या आंत तलाठ्याकडे लेखी वर्दी द्यावी. दीर किंवा भाऊ देईल म्हणून वाट पाहूं नये.

आमच्या व्यापारी वाचकांसही एक सूचना आहे. लोणावळ्यास वा मावळांत जागा घेतांना केवळ सातबारा पाहून बयाणा देऊं नये. विकणाराच्या बापाचीं लग्नें किती झालीं, कोणतें कशानें मोडलें, मुलें कोठें आहेत, याची चौकशी गांवांत करावी. असे प्रश्न अवघड वाटतात खरे. परंतु ते आज विचारले तर एका स्त्रीचा हक्क वांचतो आणि घेणाराचा पैसाही.