तुर्भ्याचा बाजार आणि मेक्सिकोचं कणीस

पावसाळ्यात संध्याकाळी वाशीच्या सागर विहारला, बेलापूरच्या डोंगरपायथ्याला किंवा खारघरच्या सेंट्रल पार्कबाहेर चक्कर मारा, भाजक्या कणसाचा वास हमखास येतो. नवी मुंबई बघायला येणारे पाम बीच रस्ता बघतात, मॉल बघतात, भुट्टा खातात आणि परततात. हा भुट्टा ज्या बाजारातून गाडीवर आला, तो बघावा असं कुणाच्या मनात येत नाही. खरं तर शहराची ओळख करून घ्यायची तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी. तो बाजार म्हणजे वाशी आणि तुर्भे यांच्या मध्ये पसरलेलं मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीचं आवार, सगळ्यांच्या तोंडी असलेलं ‘एपीएमसी’.

मुंबईचा घाऊक व्यापार पूर्वी मशीद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केटच्या दाटीवाटीत चालायचा. मालाचे ट्रक दक्षिण मुंबईत शिरले की रस्ते तुंबायचे. 1970 साली सिडकोची स्थापना झाली, खाडीपलीकडच्या 95 गावांच्या जमिनीवर नवं शहर वसवायचं ठरलं आणि बाजार तिकडे हलवणं हा त्या आखणीचा कणा ठरला. 1977 साली बाजार समिती स्थापन झाली. जम बसलेली पेढी सोडून खाडीपलीकडे जायला व्यापारी सहजासहजी राजी नव्हते. आधी कांदा-बटाटा आला, मग मसाला आणि धान्य, आणि 1996 साली फळं-भाजीपाला. आज इथे पाच बाजार आहेत: कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाला आणि धान्य. जुने लोक धान्य बाजाराला अजूनही ‘दाणाबंदर’च म्हणतात.

बाजाराचा दिवस मध्यरात्रीनंतर सुरू होतो. आवक गेटातून ट्रक-टेम्पो आत येतात, गाळ्यांसमोर माल उतरतो, उजाडायच्या आत किरकोळ विक्रेते खरेदी आटोपून जावक गेटातून निघतात. उजाडल्यावर पोहोचणाऱ्याला पाल्याचे ढीग आणि झाडू मारणारी माणसंच दिसतील. हा सगळा भार वाहतात माथाडी कामगार. त्यातले बरेचसे सातारा-सांगलीकडचे, मुंबईत बाजार होता तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या याच कामात असलेले. अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली आणि 1969 साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. बाजार खाडी ओलांडून आला तशी ही माणसंही आली. कोपरखैरणे, घणसोलीत त्यांच्या वसाहती झाल्या.

भाजीपाला बाजारात मक्याची कणसं गोणपाटांत भरून येतात. गाडीवाला घेताना काय बघतो, हे पाहण्यासारखं असतं. तो आधी शेंड्याचे केस बघतो. ते तपकिरी, किंचित सुकलेले हवेत. मग पाल्याचं टोक जरासं सोलून एका दाण्यावर नख दाबतो. दुधासारखा रस आला तर कणीस भाजायच्या लायकीचं. नुसतं पाणी आलं तर कोवळं, काहीच आलं नाही तर जून. गावरान कणीस आणि स्वीट कॉर्न यांतला फरकही तिथेच कळतो. गावरान दाणा पिठूळ, चावायला घट्ट, कोळशावर त्याला खरपूस वास सुटतो. स्वीट कॉर्न गोड आणि रसाळ. तो निखाऱ्यापेक्षा वाफेवर बरा लागतो. स्टेशनाबाहेर लोणी-मसाला घालून कपात मिळतो, तो हाच.

मका आपला वाटतो, पण त्याचं माहेर मेक्सिको. तिथल्या दक्षिणेकडच्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात साधारण 9000 वर्षांपूर्वी एका रानगवतापासून शेतकऱ्यांनी मका घडवला, असं संशोधक मानतात. तिथेही कोपऱ्याकोपऱ्यावर कणसाच्या गाड्या असतात. कणीस उकडतात किंवा निखाऱ्यावर भाजतात, काडीत खोचतात, त्यावर मेयोनीज किंवा साय फासतात, खारट कोरडं चीज भुरभुरतात, वरून तिखट आणि लिंबू. हा ‘एलोते’. दाणे काढून एपासोते नावाच्या उग्र वासाच्या पाल्याबरोबर शिजवले आणि पेल्यात घालून दिले की ‘एस्कितेस’. आपला कपातला मसाला कॉर्न त्याच्याच जवळचा.

आता मॉलमध्ये ताको मिळू लागलेत, तेव्हा नवख्या खवय्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ताको ज्या पोळीत गुंडाळतात ती मूळ तोर्तिया म्हणजे आपली मक्याची भाकरी नव्हे. मेक्सिकोत सुका मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजत ठेवतात, मग धुऊन ओलाच दळतात. चुन्यामुळे दाण्याची टरफलं सुटतात, पीठ लवचीक होतं आणि मक्यात अडकून राहिलेलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपने मका नेला, ही रीत नेली नाही. मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना तिथे पुढे पेलाग्रा हा रोग जडला.

कणसावर चोळायचं तिखट बघायला मसाला बाजारात जायचं. रंगासाठी ब्याडगी, झणका हवा तर गुंटूरची, मधली चाल हवी तर संकेश्वरी. पोती उघडी असतात आणि नाक आपोआप झाकलं जातं. एप्रिल-मेमध्ये इथे घरगुती गिऱ्हाइकांची झुंबड उडते. वर्षाचा मसाला करायला मिरच्या, धणे, खडा मसाला घ्यायचा, उन्हात वाळवायचा आणि डंकावर कुटून आणायचा. इथल्या आगरी-कोळी घरांत हे काम अजूनही नेमाने होतं. मिरचीही मुळात मेक्सिकोकडचीच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती गोव्याच्या किनाऱ्याला लावली. त्याआधी आपल्या जेवणाला तिखटपणा द्यायची ती मिरी.

राहिलं लिंबू. ते मात्र उलट्या दिशेने गेलं. लिंबाचं मूळ आशियातलं. अरबांनी ते पश्चिमेला नेलं, स्पॅनिश लोकांनी अमेरिकेला. म्हणजे सागर विहारच्या गाडीवर अर्धं लिंबू तिखट-मिठात बुडवून गरम कणसावर दाबत दाबत फिरवतात, तेव्हा मका-मिरची तिकडची आणि लिंबू इकडचं असतं. मेक्सिको सिटीच्या गाडीवरही हेच तिघं असतात, फक्त पाहुणे आणि यजमान उलटे. दोन समुद्रांपलीकडच्या दोन फेरीवाल्यांना एकच चव सापडली, ती या देवघेवीतून.

साम्य इथेच संपत नाही. मेक्सिको सिटीतही जुन्या शहरातल्या ला मेर्सेद बाजाराची कोंडी असह्य झाली, तेव्हा तिथल्या सरकारने इस्तापालापा भागात ‘सेंत्राल दे आबास्तो’ हा नवा घाऊक बाजार उभारला. तो 1982 साली सुरू झाला, म्हणजे आपला कांदा-बटाटा खाडी ओलांडत होता त्याच सुमाराला. जगातल्या सर्वांत मोठ्या घाऊक बाजारांत त्याची गणना होते आणि तो बघायला पर्यटकही जातात.

आपला बाजार कुणी पर्यटनाच्या नकाशावर घातलेला नाही. रस्ते चिखलाचे, इमारती थकलेल्या, फलक तुटपुंजे. 2016 साली राज्याने फळं-भाजीपाला नियमनातून मोकळा केला, त्यामुळे सगळा माल इथूनच गेला पाहिजे असंही आता राहिलेलं नाही. तरी मुंबई आणि ठाण्याच्या गाड्यांवर काय शिजणार, याचा बराचसा निकाल अजून इथेच लागतो.

जायचं असेल तर तुर्भे, सानपाडा किंवा वाशी स्टेशनला उतरून रिक्षा करा. भाजीपाला पहाटे बघा. मसाला आणि धान्य सकाळी उशिरा. पायात जुनी चप्पल घाला, मोठी पिशवी घ्या आणि डोक्यावर ओझं घेऊन येणाऱ्या माथाड्याला आधी वाट द्या. फोटो नंतर काढा. संध्याकाळी कणीस घेताना ‘गावरान आहे का?’ एवढं विचारा. नवी मुंबईत नवीन आलेल्याला शहराची याहून स्वस्त आणि चविष्ट ओळख दुसरी मिळणार नाही.