जनुक तेच, चिप वेगळी!

गेल्या महिन्यात रात्री दीड वाजता रूममेटने मला गदागदा हलवून उठवलं. "बघ, वेगळे झाले!" डोळे चोळत लॅपटॉपकडे पाहिलं. पांढऱ्या स्क्रीनवर ठिपक्यांचे दोन पुंजके, मध्ये मोकळी जागा. ती बायोटेकच्या एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एक पुंजका ब्रेस्ट कॅन्सरच्या गाठींचा, दुसरा निरोगी नमुन्यांचा, असं तिचं म्हणणं. मी मास कॉमवाली. मला कळलं एवढंच, की प्रोजेक्ट सुटला, आता झोपू दे.

सकाळी उठले तर बाईसाहेब गुडघ्यांत डोकं घालून बसलेल्या. तिने ठिपक्यांचे रंग बदलून पाहिले होते. डावीकडचे सगळे नमुने ॲफिमेट्रिक्स कंपनीच्या चिपवरचे निघाले, उजवीकडचे सगळे इल्युमिनाच्या. कॅन्सर आणि निरोगी दोन्हीकडे सरमिसळ. "मी कॅन्सर नाही शोधला गं, कंपनी शोधली," ती म्हणाली.

त्या वाक्यामुळे मी हा विषय खोदायला घेतला. आता तुम्हीही थोडं माझ्याबरोबर चला, बायोलॉजी दहावीत सोडलं असलं तरी चालेल.

आपल्या पेशीत प्रथिनं बनवायची सूचना देणारी साधारण 20 हजार जनुकं असतात. पण प्रत्येक पेशीत सगळी एकाच वेळी चालू नसतात. मेंदूच्या पेशीत काही जोरात, यकृतात वेगळीच. जनुक चालू झालं की त्याच्या आरएनए प्रती निघतात. कोणाच्या किती प्रती निघाल्या, हे मोजणं म्हणजे 'जीन एक्स्प्रेशन'. मायक्रोॲरे ही मोजायची काचेची चिप. तिच्यावर हजारो ठिकाणी डीएनएचे छोटे तुकडे, म्हणजे प्रोब, चिकटवलेले. नमुन्यातला आरएनए चमकणारा रंग लावून चिपवर सोडायचा. जो तुकडा ज्याच्याशी जुळतो, तिथे तो चिकटतो. स्कॅनरखाली ज्या ठिपक्याची चमक जास्त, ते जनुक जास्त चालू. 1995 मध्ये स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी मोहरीच्या जातकुळीतल्या एका रोपाची 45 जनुकं अशी एकदम मोजून दाखवली. पुढच्या काही वर्षांत मोजायच्या जनुकांचा आकडा हजारोंवर गेला आणि चिप विकणाऱ्या कंपन्याही वाढल्या.

गडबड तिथेच आहे. ॲफिमेट्रिक्सचा प्रोब 25 अक्षरांचा, इल्युमिनाचा 50, एजिलंटचा 60. एकाच जनुकाच्या वेगवेगळ्या भागांवर ते बोट ठेवतात. आता एकच जनुक कापून-जोडून दोन-तीन प्रकारचा आरएनए बनवू शकतं. एका चिपचं बोट असलेला भाग त्यातल्या एका प्रकारात नसेलच, तर ती चिप म्हणणार 'कमी आहे', दुसरी म्हणणार 'भरपूर आहे'. दोघींचं खरंच, आणि दोघींचं अर्धवट.

2003 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधल्या एका गटाने हे तपासलं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या पेशी घेतल्या, त्यांचा आरएनए काढला, आणि तोच आरएनए तीन कंपन्यांच्या चिपवर घातला. 'यांच्यात फरक पडलाय' म्हणून तिन्ही चिपनी मिळून 185 जनुकं दाखवली. तिघींचं एकमत किती जणांवर? फक्त 4.

हे वाचून मी दोनदा आकडा तपासला. कारण याच चिपच्या भरवशावर तेव्हा कॅन्सरच्या तपासण्या तयार होत होत्या आणि औषध कंपन्या त्यांचा डेटा सरकारी मंजुरीसाठी नेत होत्या. तुमच्या आईच्या गाठीला केमो लागेल का, हे चिप सांगणार असेल आणि चिप बदलल्यावर उत्तर बदलणार असेल, तर काय करायचं?

2005 मध्ये तोच डेटा दुसऱ्या गटाने, लेमिंग शी आणि सहकाऱ्यांनी, पुन्हा चाळला. त्यांचं म्हणणं, दोष सगळा चिपचा नाही. एक तर तिथे एकाच चिपवर तोच नमुना पुन्हा घातला तरी आकडे नीट जुळत नव्हते. शिवाय निवडीची रीतही चुकली. हे कट-ऑफसारखं आहे बघा. एकाला 89.9, दुसऱ्याला 90.1, दोघं जवळपास सारखे, पण यादीत एकच. तीन चिपच्या तीन कट-ऑफ लावल्या की याद्या जुळणार कशा? त्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्सच्या राफाएल इरिझारी यांच्या टीमने अनेक लॅबना सारखाच आरएनए दिला. चिपइतकाच, कधी जास्तही, फरक लॅबमुळे पडतो असं दिसलं. चांगलं काम करणाऱ्या लॅबचे निकाल चिप वेगळी असूनही बऱ्यापैकी जुळले.

मग अमेरिकेच्या एफडीएने मोठी चाचणी मांडली, नाव एमएक्यूसी. 51 संस्था, 137 माणसं, 1300 हून जास्त चिप. दोनच मूळ नमुने: एक दहा प्रकारच्या पेशींचा मिळून, दुसरा मेंदूचा. त्यांची दोन मिश्रणं केली, 75-25 आणि 25-75. आयडिया साधी. चहात दूध वाढवत गेलात, तर रंग पायरीपायरीने फिका व्हायला हवा. एखादी चिप मधल्याच कपाला सगळ्यात फिका म्हणाली, तर ती चुकतेय हे बाहेरून कोणी न सांगताही कळतं. सप्टेंबर 2006 मध्ये निकाल छापून आले: बहुतेक चिप पायऱ्या नीट ओळखत होत्या आणि एकमेकींशी जुळतही होत्या. टीकाही झाली. मेंदू आणि इतर पेशी यांच्यात फरक एवढा मोठा, की तो कोणालाही दिसेल, खऱ्या पेशंटमधला बारीक फरक दिसेल का? मला ही टीका पटते.

पण एक गोष्ट त्यातून पक्की झाली, आणि ती मला स्वयंपाकघरात कळली. आई फोनवर भात सांगते, 'एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी'. तिची वाटी मोठी, माझी हॉस्टेलवरची टीचभर. तरी भात जमतो, कारण दोन्ही मापं एकाच वाटीची. तांदूळ तिच्या वाटीने आणि पाणी माझ्या वाटीने घेतलं की भात कच्चट. चिपची चमक म्हणजे ती वाटी. एका चिपवरचा 1200 आणि दुसरीवरचा 300 यांची तुलना करायची नसते. 'कॅन्सरमध्ये निरोगीपेक्षा दुप्पट' हे त्याच चिपवर काढायचं आणि मग ते 'दुप्पट' ताडून बघायचं. हेही शंभर टक्के नाही हं. फार जास्त आरएनए असला की चमक एका मर्यादेपुढे वाढत नाही, म्हणजे वाटी भरून वाहते, आणि प्रमाण दबतं.

जाता जाता एक किस्सा. याद्या जुळवताना एक्सेलने पण घोळ घातलाय. 'सेप्ट2' नावाचं जनुक एक्सेलमध्ये टाकलं की त्याची 2 सप्टेंबर ही तारीख व्हायची! 2004 मध्येच शास्त्रज्ञांनी हे लिहून ठेवलं होतं. शेवटी 2020 पर्यंत जनुकांचीच नावं बदलावी लागली.

आणि पेशंटचं काय? 70 जनुकांवरून ब्रेस्ट कॅन्सर परत येण्याचा धोका सांगणाऱ्या मामाप्रिंट तपासणीला एफडीएने 2007 मध्ये मान्यता दिली, तेव्हा ती कंपनीच्या ॲम्स्टरडॅममधल्या एकाच लॅबमध्ये व्हायची. एक चिप, एक लॅब, एक वाटी.

रूममेटचं पुढे काय झालं, ते सांगते. तिने डेटा घेतला होता जीईओ या फुकट सरकारी साठ्यातून, जिथे जगभरचे लोक आपले निकाल ठेवतात. दोन चिपचा डेटा एकत्र करणं चूक नाही. फरक काढून टाकायच्या 'कॉम्बॅट'सारख्या पद्धती 2007 पासून आहेत. पण कॅन्सरचे सगळे नमुने एका चिपवर आणि निरोगी सगळे दुसरीवर असतील, तर कोणतंच सॉफ्टवेअर वाचवत नाही. कॅन्सर कुठे संपतो आणि कंपनी कुठे सुरू होते, हे त्यालाही कळत नाही. हिच्या नशिबाने दोन्ही चिपवर दोन्ही प्रकार होते.

तिने सगळं पहिल्यापासून केलं. आधी प्रत्येक चिपवर आपापली तुलना, मग दोन्हीकडे एकाच दिशेला गेलेली जनुकं. यादी आधीपेक्षा बरीच छोटी झाली. गाइडनी विचारलं, "एवढीच?" तिने दोन पुंजक्यांचा तो जुना फोटो पुढे ठेवला आणि ठिपके कंपनीप्रमाणे रंगवून दाखवले. तो फोटो आता तिच्या रिपोर्टमध्ये पहिल्याच पानावर आहे.