दुर्गम वस्तीतील इंटरनेट: वेगाचे टप्पे आणि पर्याय

जोडणीचे टप्पे
घरातील उपकरण, राउटर, घरापासून केंद्रापर्यंतची वाहिनी आणि पुढचे मुख्य जाळे असा माहितीचा प्रवास होतो. यांतील सर्वांत मंद टप्पा संपूर्ण जोडणीचा वेग ठरवतो. राउटरला केबलने जोडलेल्या संगणकावर वेग चांगला आणि वाय-फायवर कमी असेल, तर अडचण घरातच असते.

तांब्याची तार
टेलिफोनच्या तारेवर एडीएसएल२+ तंत्राने सेकंदाला कमाल २४ मेगाबिट वेग मिळू शकतो. मात्र विद्युत संकेत अंतराबरोबर क्षीण होतो. एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटरवरील घरी त्याचा अल्प अंशच पोहोचतो. तेथे महागडा प्लॅन निरुपयोगी ठरतो.

ऑप्टिकल फायबर
काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या स्पंदांनी माहिती जाते. जीपॉन पद्धतीत सुमारे २० किलोमीटरपर्यंत एकाच तंतूवर, स्प्लिटर लावून, ३२ किंवा ६४ घरे जोडता येतात. २०११ साली मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट नाव मिळालेल्या योजनेचा रोख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्यावर होता. ग्रामपंचायतीपासून वाडीपर्यंतचे अंतर मात्र वेगळे जोडावे लागते. कोकणासारख्या विखुरलेल्या वस्तीत खर्च तेथेच वाढतो.

मोबाइल टॉवर
फोरजी-फाइव्हजीचा संकेत छपरावरील अँटेनाने घेता येतो, खोदकाम टळते. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूर पोहोचतात, ३५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात क्षमता अधिक पण पल्ला कमी असतो. मध्ये डोंगर असल्यास संकेत दुबळा होतो. टॉवरची क्षमता सर्व ग्राहकांत वाटली जात असल्याने गर्दीच्या वेळी वेग उतरतो.

उपग्रह
भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असल्याने प्रश्न जाऊन उत्तर येण्यास सुमारे अर्धा सेकंद लागतो. व्हिडिओ कॉलमध्ये हा विलंब जाणवतो. सुमारे ५५० किलोमीटरवरील उपग्रहसमूहांत तो बराच घटतो. दोन्हींना मोकळे आकाश लागते आणि मुसळधार पावसात संकेत मंदावतो.

घरातील व्यवस्था
५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय वेगवान असले तरी चिऱ्याच्या जाड भिंतींपुढे लवकर क्षीण होते, २.४ गिगाहर्ट्झचे अधिक दूर जाते. मोठ्या घरात केबलने जोडलेला दुसरा ॲक्सेस पॉइंट उपयोगी पडतो. वीज गेल्यावर फायबरचे उपकरण व राउटर बंद पडतात, म्हणून बॅटरीची सोय आवश्यक ठरते.

निवडीचा क्रम
प्रथम घरातील दोष दूर करणे, नंतर फायबरची शक्यता तपासणे, ती नसल्यास टॉवर आणि शेवटी उपग्रह, असा क्रम खर्चाच्या दृष्टीने योग्य ठरतो. एकट्या घरासाठी फायबर ओढणे सेवादात्याला परवडत नाही. वाडीने एकत्र मागणी केल्यास तोच तंतू अनेक घरांत विभागला जातो आणि प्रत्येकाचा खर्चाचा वाटा घटतो.