घरची अपेक्षा आणि मुलाची ओढ

दहावीचा निकाल लागला की मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनाऱ्यावरच्या घराघरांतून एकच प्रश्न निघतो : पुढे काय? वास्तविक आमच्या मुलांना गुणांची वाण नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांसाठी स्वतंत्र कोकण विभागीय मंडळ झाले आणि २०१२ च्या परीक्षेपासून हा विभाग निकालात राज्यात पहिला येत आला. २०२४ साली राज्याचा निकाल ९५.८१ टक्के होता, तर कोकणचा ९९.०१ टक्के. तेव्हा अडचण उत्तीर्ण होण्याची नाही. उत्तीर्ण झालेल्या मुलाने कोणत्या दिशेला जावे, याची आहे. येथेच आईबापांची अपेक्षा आणि मुलाची ओढ समोरासमोर उभ्या राहतात.

आईबापांची अपेक्षा हा निव्वळ हट्ट असतो, असे मानणे बरोबर नाही. तिच्यामागे या भूमीचा अनुभव आहे. भात वर्षाला जेमतेम पुरे आणि समुद्राचा भरवसा नसे, म्हणून घरटी एकजण मुंबईस जाई. गिरणगावात गावकऱ्यांची सामाईक खोली असे. तेथे पथारी टाकायची, गिरणीत पाळी करायची आणि घरी मनिऑर्डर पाठवायची. चाकरमान्याच्या त्या मनिऑर्डरीवर कित्येक घरांची कौले शाकारली गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि ती वाट हळूहळू मोडली. वाट मोडली तरी शिकवण टिकली. ‘झिला, शीक आणि हयसून भायर पड,’ हे शब्द अजूनही तोंडी आहेत.

समुद्रावर पोट असलेल्या घरात ही भीती अधिक खोल असते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, म्हणजे वर्षातले एकसष्ट दिवस होडी किनाऱ्यावर. उरलेल्या दिवसांतही रापणीला मासळी लागेल की नाही हे दोर ओढल्यावाचून कळत नाही. ज्याने हे सारे अंगावर काढले, तो तांडेल आपल्या मुलाने कचेरीत बसावे असे म्हणत असेल, तर त्याच्या म्हणण्यात आयुष्यभराचा हिशेब असतो. मात्र तो हिशेब कालच्या दिवसांचा असतो आणि मुलाला जगायचे असते पुढचे चाळीसपन्नास वर्षांचे आयुष्य. ही त्या अपेक्षेची मर्यादा होय.

आता मुलाची बाजू. पंधरा-सोळाव्या वर्षी मुलाला पुष्कळदा कामाची ओढ नसते, कामाच्या नावाची असते. तारकर्लीला पाण्याखाली डुबकी मारायला शिकविणारा तरुण त्याला दिसतो. पाहुण्यांची वर्दळ आणि हाती खेळणारा पैसा दिसतो. पावसाळ्यात समुद्र बंद झाला की त्या तरुणाने काय करावयाचे, हे मात्र दिसत नाही. कोणाला व्यापारी जहाजावर अधिकारी व्हावेसे वाटते; पण त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित लागते आणि सुकाणूच्या बाजूला रंगांधळेपण मुळीच चालत नाही, हे त्याला ठाऊक नसते. डोळे तपासून घेण्यास एक दिवस पुरतो. तो दिवस न काढल्याने दोन वर्षे फुकट जाऊ शकतात. उलट, ज्याला समुद्राचीच ओढ आहे त्याला रत्नागिरीजवळ शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे आणि तेथे जीवशास्त्र घेऊन जावे लागते, ही गोष्ट घरात कोणीच सांगितलेली नसते. बापाला ‘समुद्र’ म्हटले की होडी दिसते आणि मुलाला पदवी दिसत नाही. दोघे एकाच शब्दावरून भांडत राहतात.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, दोन्ही बाजू एकाच मापाने मोजाव्यात. शिक्षणाला वर्षे किती, खर्च किती, त्या कामातला रोजचा दिवस कसा जातो आणि अपयश आले तर दुसरी वाट कोणती, हे कागदावर लिहावे. बापाच्या मनातल्या डॉक्टरकीलाही हेच प्रश्न विचारावेत आणि मुलाच्या मनातल्या नाटकालाही. मुलीच्या बाबतीत आणखी एक प्रश्न उघड विचारावा. तिचे महाविद्यालय पुष्कळदा तिची बुद्धी ठरवीत नाही, एस. टी.ची शेवटची गाडी ठरविते. अडचण गाडीची असेल तर वसतिगृह शोधावे. त्या अडचणीला ‘तुला झेपणार नाही’ असे नाव देऊ नये.

दुसरी गोष्ट, पंधराव्या वर्षीचा निर्णय अखेरचा नसतो. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८३७ साली मालवणात जन्मले. वडील महसूल खात्यात कारकून. मुलगा रत्नागिरीच्या शाळेतून १८५३ साली मुंबईस एल्फिन्स्टनमध्ये गेला. संस्कृतच्या ज्या अभ्यासासाठी जग त्यांना ओळखते, त्याकडे ते जोमाने वळले ते विशी उलटल्यावर. दुसरे उदाहरण रेवंडीच्या मच्छिंद्र कांबळी यांचे. १९८० साली गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ रंगभूमीवर आले आणि ज्या मालवणी बोलीबद्दल मुंबईत गेलेली आमची माणसे संकोचत, तीच बोली प्रपंच चालविणारी विद्या ठरली. मालवणी नट हा व्यवसाय त्यापूर्वी कोणत्या बापाने मुलासाठी योजिला असता? तथापि यावरून प्रत्येकाने नट व्हावे असा अर्थ कोणी काढू नये. पुढची वाट आज सगळीच दिसत नसते, एवढाच त्याचा अर्थ.

वाट बदलता येते, पण प्रत्येक दार सारखे उघडे राहत नाही. विज्ञान शाखेतून कला शाखेकडे येणे सोपे; उलट जाणे जवळजवळ अशक्य. बारावीला गणित सोडले तर अभियांत्रिकीची बहुतेक दारे मिटतात, जीवशास्त्र सोडले तर वैद्यकाचे. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घेतली, तर मात्र अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळण्याची सोय आहे. हे माहीत असावे. पण केवळ दारे उघडी ठेवण्यासाठी नको असलेल्या शाखेत मुलाला कोंडू नये. तेथे तो नापास झाला तर दारांबरोबर त्याचा स्वतःवरचा विश्वासही जातो, आणि तो परत मिळविणे फार कठीण.

एवढे करूनही मतभेद उरला तर? आमच्या मते येथे अधिकारांची वाटणी करावी. पैसा आईबापांचा आहे. तेव्हा किती खर्च करावा आणि किती वर्षे वाट पाहावी, यावर त्यांचा शब्द अखेरचा असावा. घर गहाण टाकून मुलाची हौस पुरविण्यास त्यांनी बांधील असू नये आणि मुलानेही तशी मागणी करू नये. परंतु त्या खर्चाच्या व मुदतीच्या आत कोणते काम शिकावयाचे, यावर अखेरचा शब्द मुलाचा असावा. कारण त्या कामाचे दिवस त्याला भरावयाचे आहेत. दोन वर्षांनी ठरल्याप्रमाणे पुन्हा बसून हिशेब पाहावा. मुलगा चुकला असेल तर तो मोकळेपणाने सांगू शकेल असे घर असले पाहिजे. ‘मी म्हटलेच होते’ हे वाक्य ज्या घरात तयार ठेवलेले असते, तेथे मूल चूक लपविते आणि चूक वाढते.