शिंजिराचा रंग आणि जऊळक्याचं ऊन

पळस फुलायला लागला की अंगणात उभ्या केलेल्या मोटारसायकलींच्या आरशांवर टकटक सुरू होते. जेमतेम 10 सेंटिमीटर लांबीचा नर शिंजीर आरशाच्या कडेवर बसतो, आतल्या प्रतिबिंबावर चोच मारतो, फडफडत मागे सरतो आणि पुन्हा तुटून पडतो. वाशीम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात, अकोला-पूर्णा लोहमार्गावर जऊळका रेल्वे हे गाव आहे. तिथे किंवा आसपासच्या कुठल्याही गावात हे दृश्य कुणाला नवं नाही. पाखरू आरशात स्वतःला न्याहाळतंय, असं बघणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात ती मारामारी असते. विणीच्या दिवसांत नर आपला इलाखा राखतो आणि आरशातला नर त्याला घुसखोर वाटतो. खरा घुसखोर दोन झटक्यांत पळून गेला असता. आरशातला हटत नाही, म्हणून भांडण तासन्‌तास चालतं.

स्वतःचं प्रतिबिंब ओळखणारे पक्षी फारच थोडे. 2008 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी मॅगपाय या कावळ्याच्या कुळातल्या पक्ष्याच्या गळ्यावर रंगीत ठिपका चिकटवून त्याला आरशापुढे ठेवलं, तेव्हा काही मॅगपाय तो ठिपका स्वतःच्या अंगावरून काढू पाहत होते. शिंजिराला ते जमत नाही. म्हणून फोटो काढून झाला की आरशावर एखादं फडकं किंवा पिशवी टाकावी. त्या भांडणात खर्च होणारी ताकद त्याला मधासाठी आणि मादीसाठी लागते.

पक्षी पाहायचे तर काटेपूर्णाच्या किंवा कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात जायला हवं, असं आपण धरून चालतो. जरूर जावं. पण पक्षी समजून घ्यायला आणि त्यांचे चांगले फोटो मिळवायला घर ही जास्त सोयीची जागा आहे, असं माझं ठाम मत आहे. जंगलात दिसलेला पक्षी भुर्रकन उडाला की संपलं. घरच्या जास्वंदीवरचा शिंजीर उद्याही येतो, परवाही येतो. तोच पक्षी वेगवेगळ्या उजेडात, वेगवेगळ्या महिन्यांत पुन्हापुन्हा पाहता येतो, आणि विज्ञानाला हेच लागतं.

शिंजिराचंच बघा. सावलीत बसलेला नर काळाकुट्ट दिसतो. उन्हात येऊन मान वळवली की तोच निळा होतो, मग जांभळा, क्षणभर हिरवट, आणि पुन्हा काळा. लागोपाठ दहा फोटो काढले तर दहांत दहा छटा येतात. कॅमेरा बिघडलेला नसतो. त्या पिसांत निळ्या रंगाचं कुठलंही द्रव्य नाही. पिसाच्या अगदी बारीक तंतूंत मेलॅनिनचे, म्हणजे आपल्या केसांना काळेपणा देणाऱ्या द्रव्याचे, सूक्ष्म कण केराटिनमध्ये थरांनी रचलेले असतात. या थरांची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपासची असते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण 400 ते 700 नॅनोमीटर. वेगवेगळ्या थरांवरून परतणारे किरण एकमेकांत मिसळताना काही रंग उजळतात, काही विझतात. पावसाळ्यात रस्त्यावरच्या डबक्यात पेट्रोलचा तवंग रंग बदलतो तोही याच नियमाने. बघण्याचा कोन बदलला की रंग बदलतो. म्हणून शिंजिराचा फोटो काढताना सूर्य आपल्या पाठीशी हवा आणि बोट बटणावर ठेवून त्याने मान वळवण्याची वाट पाहायला हवी.

नीळकंठाची गोष्ट वेगळी आहे. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानलं जातं तो हा नीलपंख रेल्वेच्या बाजूच्या तारांवर, शेतातल्या खांबावर बसलेला असतो. बसलेला असताना तपकिरी, मळकट. पंख उघडले की निळाईचा भडका. हा निळाही द्रव्याचा नाही, पण तो शिंजिरासारखा कोनागणिक बदलत नाही. ढगाळ हवेतही निळाच राहतो. हे असं का, याने एका मोठ्या माणसाला बेचैन केलं होतं. भौतिकशास्त्रज्ञ सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1934 मध्ये बेंगळुरूला इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस स्थापन केली आणि तिच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात पक्ष्यांच्या पिसांतल्या रंगांवर निबंध लिहिला. अभ्यासासाठी त्यांनी घेतली होती आपल्या नीलपंखाची पिसं. हा रंग आकाशाच्या निळाईसारखा, नुसत्या विखुरण्याने येतो, असं तेव्हा सर्रास मानलं जाई. रामन यांना ते पटलं नाही. पिसाच्या आतल्या रचनेत किरणांची आपसात काहीतरी सुसंगत गाठ पडत असली पाहिजे, असा त्यांचा रोख होता. पुढे 1998 मध्ये पक्षीशास्त्रज्ञ रिचर्ड प्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालच्या प्रतिमांचं गणित मांडून दुसऱ्या एका पक्ष्याच्या निळ्या पिसांत हेच दाखवलं: केराटिन आणि हवेच्या पोकळ्या यांचं स्पंजासारखं जाळं, आणि त्या पोकळ्यांमधलं अंतर बऱ्यापैकी ठरावीक.

कुंपणाशी गळून पडलेलं नीलपंखाचं पीस दिसलं तर ते न उचलता, तिथेच वाकून, उजेड पिसाच्या पलीकडून, त्यातून आरपार येईल असं पाहावं. निळा नाहीसा होतो आणि मागे उरतो मळकट तपकिरी. तोच उजेड आपल्या पाठीमागून पिसावर पडू द्या, निळा परत येतो. पोपटाचा हिरवा तर या दोहोंची भागीदारी आहे: रचनेतून येणारा निळा आणि पोपटाचं शरीर स्वतः बनवतं ते पिवळं द्रव्य. ज्या पोपटांत जन्मतः ते पिवळं द्रव्य तयार होत नाही ते निळे दिसतात.

आणखी एक गोष्ट कॅमेऱ्याला कधीच सांगता येत नाही. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, बहुतेक पक्ष्यांच्या डोळ्यांत चार प्रकारच्या. चौथ्या प्रकाराने त्यांना जांभळ्याच्या पलीकडचे, आपल्याला न दिसणारे रंग दिसतात. आपले कॅमेरे आपल्या डोळ्यांसाठी बनवलेले आहेत. शिंजिराच्या मादीला तो नर नेमका कसा दिसतो, हे आपल्या सगळ्यात सुंदर फोटोतही नसतं.

साहित्याबद्दल थोडक्यात. भिंगाला किंमत आहे, पण घरची खिडकी त्याहून कामाची आहे. पक्षी घराला घाबरत नाहीत, हलणाऱ्या माणसाला घाबरतात. पडद्याआड, न हलता बसलं की शिंपी आणि बुलबुल हातभर अंतरावर येतात. तिथे साधा मोबाइलही पुरतो. चिमणी किंवा शिंजीर गोठवायचा तर शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका ठेवावा, उडणारा पक्षी टिपायचा तर दोन हजाराव्या भागाइतका. काळा कोतवाल भर आकाशासमोर बसला असेल तर कॅमेरा आकाशाला उजेड मानतो आणि कोतवालाची नुसती आकृती उरते. उजेडाचं प्रमाण हाताने वाढवावं. गायबगळ्यासाठी उलट. बाकी सगळं सकाळचं कोवळं ऊन सांभाळून घेतं.

विदर्भाचा उन्हाळा मात्र कुणालाच सांभाळून घेत नाही. एप्रिल-मे महिन्यांत अंगणात सावलीला मातीचं परळ भरून ठेवलं की दिवसभर पाहुणे येतात. परळ उथळ हवं, मध्ये एखादा दगड हवा आणि पाणी रोज बदलायला हवं. इथे एक बारकावा टिपण्यासारखा आहे. साळुंकी, चिमणी, बुलबुल चोचीत पाणी घेतात, मान वर करतात आणि घशात उतरू देतात. होला तसं करत नाही. तो चोच पाण्यात बुडवून एका दमात पाणी ओढून घेतो, मान वर न करता. पारवाही तसाच पितो. हे त्यांच्या कुळाचंच वैशिष्ट्य आहे. उघड्यावर पाणी पिताना पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत येतो, त्यामुळे लवकर आटोपणं फायद्याचं.

भर दुपारच्या फोटोंत पक्ष्यांच्या चोची उघड्या दिसतात. अनेकदा त्याखाली ‘गाणारी साळुंकी’ असं लिहिलेलं असतं. ती गात नसते. पक्ष्यांना घर्मग्रंथी नसतात. श्वासाबरोबर वाफ बाहेर टाकून ते अंगातली उष्णता कमी करतात. पंख अंगापासून थोडे दूर धरलेले, चोच उघडी, श्वास भराभर: हा उन्हाने बेजार झालेला जीव आहे. त्याला हुसकावून उडता फोटो मिळवायचा नाही. त्या वेळी कॅमेरा खाली ठेवणं बरं.

घराजवळच्या पक्ष्यांकडे नीट पाहिल्याने केवढं हाती लागतं, याचं उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. 1930 मध्ये पक्षीशास्त्रज्ञ सलीम अली जर्मनीतून शिकून परतले तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागा पैशांअभावी बंद झाली होती. ते पत्नी तहमीनासह अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. तो सगळा पावसाळा त्यांनी ती वसाहत पाहण्यात घालवला. खोपा विणतो तो नर. पण तो खोपा पुरा करत नाही; अर्धगोल आणि मधोमध आडवी दोरी एवढाच भाग झाला की थांबतो. मग माद्या येतात, एकेक खोपा तपासतात. पसंत पडला तर मादी तिथेच राहते आणि नर नळी जोडून काम पुरं करतो. मादी अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या पुढचा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. जे अर्धवट खोपे लटकत राहतात ते नापसंत ठरलेले. हे सगळं त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये मांडलं आणि जगभरच्या अभ्यासकांनी त्याची दखल घेतली.

जऊळक्याच्या शिवारातही विहिरीवर झुकलेली बाभूळ किंवा शिंदी दिसली की पावसाळ्यात तिच्यावर खोपे असण्याची शक्यता मोठी. ज्वारीच्या पानाची एक कड चोचीने तोडून, उडता उडता लांब पट्टी सोलून नेणारा पिवळ्या डोक्याचा नर टिपणं हा फोटो काढणाऱ्यासाठी मोठा आनंद आहे. पण जिल्ह्यातल्या शिवारांत आता सोयाबीनचा पसारा आहे आणि ज्वारी मागे पडली आहे. दहा वर्षं एकाच विहिरीवरच्या खोप्यांचे तारखेसह फोटो कुणी ठेवले, तर सुगरणींनी हा बदल कसा पचवला हे सांगता येईल. त्याला पदवी लागत नाही.

अशा नोंदींचं मोल आता सिद्ध झालं आहे. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा पहिला मोठा अहवाल 2020 मध्ये आला, तो 15,500 हून अधिक हौशी पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर उभा होता. चिमणी संपत चालली, असं आपण म्हणत होतो. नोंदी सांगत होत्या की देशभरात तिची संख्या साधारण टिकून आहे, घट मोठ्या शहरांत आहे. 2023 च्या दुसऱ्या अहवालाने मात्र आपल्या नीलपंखाबद्दल चिंता व्यक्त केली. रोजच्या रोज तारेवर दिसतो म्हणून कुणी मोजायला जात नाही असा हा पक्षी, आणि त्याच्या धोक्याच्या श्रेणीचा फेरविचार व्हावा अशी शिफारस करण्याची वेळ आली. या नोंदी शहरांतून भरपूर येतात, खेड्यांतून तुरळक.

एका बाबतीत मात्र हौसेला लगाम हवा. बुलबुल दाराच्या कुंडीत, तुळशीशेजारच्या वेलीत घरटं करतो आणि स्वच्छ फोटो मिळावा म्हणून कुणीतरी आडवी येणारी पानं बाजूला करतं. त्याच पानांनी कावळ्यापासून, मांजरापासून आणि उन्हापासून पिल्लं झाकलेली असतात. अनेक छायाचित्र स्पर्धा घरट्याचे फोटो घेतच नाहीत, ते योग्यच आहे. अंडी घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंत जेमतेम महिनाभराचा काळ असतो. तेवढे दिवस ती कुंडी हलवू नये आणि त्या बाजूला कॅमेरा नेऊ नये.

अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर आणि सलीम अलींचा 12 नोव्हेंबर. या दोन तारखांच्या मधले दिवस महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळले जातात. तोपर्यंत थांबायचं कारण नाही. मोबाइलमध्ये पडून असलेल्या पक्ष्यांच्या फोटोंपुढे आजच तारीख, वेळ आणि गावाचं नाव लिहा, आणि ते ई-बर्डसारख्या खुल्या नोंदवहीत घाला. जऊळक्याच्या तारेवर बसलेला नीळकंठ तिथे नोंदला गेला, तर पुढच्या अहवालाच्या हिशेबात तोही धरला जाईल.